प्रिय फर्स्टनेम यांस

माणूस जन्मात गाद्या घेतो किती? लग्नात एक, नवा फ्लॅट घेतला की एक आणि कंबर धरली की डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक. तीन गाद्यांत संसार आटोपतो. गादी विकणाऱ्या कंपनीला हा हिशेब आपल्यापेक्षा पक्का ठाऊक असतो, कारण दहा वर्षांची वॉरंटी तिनेच लिहून दिलेली असते. तरीही गादी घरी पोचून चार दिवस होत नाहीत तोच तिचे ईमेल सुरू होतात. 'गादी बदलायची वेळ झाली का?' अशी चौकशी येते. पाठोपाठ उशी येते, उशीमागून अभ्रा, आणि मार्च महिन्यात जागतिक निद्रा दिनाच्या शुभेच्छा, त्याही पहाटे पाच वाजता फोन टुणकन वाजवून. वर संबोधन असते 'प्रिय फर्स्टनेम', कारण नावाच्या जागी नाव घालणाऱ्या यंत्राला त्या दिवशी नाव सापडलेले नसते. धंद्याचे वर्ग घेणारे सगळे गुरू एकच मंत्र देतात, की ग्राहकाच्या नजरेसमोर राहा. मंत्र खोटा नाही. आपल्याकडे काय मिळते हे गिऱ्हाइकाला अधूनमधून कळवत राहणे ही दुकानदारीची जुनी आणि शहाणी रीत आहे. तिचे ईमेलमध्ये जे झाले त्याचे कारण मात्र एकच दिसते: पाठवायला काही पडत नाही. टपालखर्च शून्य झाला की लिहिण्यासारखे काही आहे का, हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. पूर्वी तो प्रश्न मालकाच्या वतीने पोस्टाचे तिकीट विचारत असे.

खर्च पडत होता तेव्हा ही रीत कशी चालत असे, ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर संपत आला की वाणी, सराफ, औषधवाला आणि सहकारी बँक आपापली कॅलेंडरे काढत. खाली दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन. बाकी सगळे पान गिऱ्हाइकाचे. त्या पानावर दुधाचे खाडे लिहिले जात, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली जाई, कामवाल्या मावशींनी उचल घेतली की तीही तिथेच. सराफ वर्षभरात एक शब्दही बोलत नसे, पण त्याचे नाव तीनशे पासष्ट दिवस फोडणीच्या धुरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर असे आणि घरात लग्न निघाले की बोलणे आपोआप त्याच्या दुकानाकडे वळे. शिवाय कॅलेंडर छापायला पैसे पडत, त्यामुळे ते रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही मिळत नसे. मागावे लागे. 'शेठ, यंदा कॅलेंडर नाही का काढलंत?' असे गिऱ्हाईक स्वतःहून विचारी, आणि शेठ गिऱ्हाइकाची उधारी मनातल्या मनात तपासून मग गुंडाळी काढून देई. आजच्या मार्केटिंगच्या पुस्तकांत 'ग्राहकाची पूर्वसंमती' म्हणून जे प्रकरण असते ते एवढेच.

याहून भक्कम पुरावा किर्लोस्करवाडीच्या नांगर कारखान्याचा. नांगर ही वस्तूसुद्धा गादीच्याच जातीची. शेतकरी एकदा घेतो आणि वर्षानुवर्षे पुन्हा दुकानाकडे फिरकत नाही. त्यात लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत होती, म्हणजे समजवायलाही बरेच होते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले ते कारखान्याचे माहितीपत्र म्हणून. आजच्या भाषेत सांगायचे तर कंपनीचे न्यूजलेटर. पण कागद, छपाई आणि टपाल या तिन्हींना रोकडा मोजावा लागत होता, आणि दर महिन्याला 'आमचा नांगर उत्तम आहे' एवढेच कळवायला एवढा खर्च कोण करील? तेव्हा संपादकाला वाचण्याजोगे काहीतरी शोधणे भाग पडले. ते त्याने इतके शोधले की पुढे नावातली 'खबर' गळून त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली जोडीला 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर' आले, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर वीतभर जमीन नव्हती अशी शहरातली कुटुंबे नांगरवाल्यांची ही मासिके वर्गणी भरून वाचू लागली. जाहिरात वाचायला लोकांनी आपण होऊन पैसे द्यावेत, हे आजच्या कुठल्याही ईमेलवाल्याने स्वप्नातही पाहिलेले नसेल. परदेशांतही हेच घडले होते. अमेरिकेत जॉन डीअरने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' काढले, फ्रान्समध्ये टायर विकणाऱ्या मिशेलिनने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि शेवटी जगभरचे आचारी टायरवाल्याच्या ताऱ्यांवर जीव टाकू लागले. शंकररावांसारखा संपादक प्रत्येक धंद्याला कुठून मिळणार, असे कोणी म्हणेल. मिळणार नाहीच. पण ज्याच्याकडे तसा संपादक नव्हता तो त्या काळी गप्प बसत असे, ही सोय आपण गमावली आहे.

गमावण्याची तारीखही ठाऊक आहे. ३ मे १९७८. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीचे गॅरी थुर्क यांना कॅलिफोर्नियात नव्या संगणकांची प्रात्यक्षिके दाखवायची होती. इंटरनेटचा पूर्वज असलेले आर्पानेट तेव्हा लष्करी पैशावर चाललेले, विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरते जाळे होते. थुर्क यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकाच दमात आमंत्रण धाडले. पत्त्यांची यादी इतकी लांबली की उरलेले पत्ते खालच्या मजकुरात सांडले, म्हणजे आधी पानभर पत्ते आणि मग कामाचे. जाहिरातीच्या सामुदायिक ईमेलचा पहिलाच प्रयोग आणि तो पहिल्याच दिवशी बेढब, ही परंपरा पुढे निष्ठेने पाळली गेली. जाळ्याच्या कारभाऱ्यांनी खरमरीत तंबी दिली. थुर्क मात्र त्या एका पत्रावर एक कोटीहून जास्त डॉलरची यंत्रे खपली असे पुढे सांगत राहिले. यात गंमत अशी, की त्या पत्रात खरोखर बातमी होती: नवे यंत्र, प्रात्यक्षिकाचे ठिकाण, तारीख. वाचणारेही संगणकातलेच. तरी लोक चिडले, कारण कोणी मागितले नव्हते. म्हणजे सुरुवातीला निदान बातमी होती, परवानगी नव्हती. पुढच्या मंडळींनी थुर्क यांच्याकडून कोटीचा आकडा तेवढा उचलला आणि बातमी गाळली.

आता एखाद्या कचेरीत हे पत्र कसे जन्माला येते ते जवळून बघू. महिन्याच्या शेवटी एक तक्ता तयार होतो, त्याला 'कंटेंट कॅलेंडर' म्हणतात. त्यात मंगळवार आणि शुक्रवार हे रकाने आधी आखले जातात. त्या दिवशी काय सांगायचे हे नंतर बघायचे असते. ते बघण्याचे काम बहुधा सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या मुलाकडे असते आणि त्याच्यासमोर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फोटो आणि पंचांग एवढीच सामग्री असते. त्यातून 'या गुढीपाडव्याला उभारा आरोग्याची गुढी, आरओ फिल्टरवर २० टक्के सूट' हे वाक्य जन्मते. संक्रांतीला तिळगुळासोबत गोड पाणी, वटपौर्णिमेला सात जन्मांची वॉरंटी, आणि सर्वपित्रीला काय लिहावे हे न सुचल्याने तेवढा मंगळवार वाचतो. मजकूर झाला की विषयाची ओळ. तीत 'शेवटचे सहा तास' असावे लागते. सहा तास संपले की दुसऱ्या दिवशी 'तुमच्या आग्रहास्तव मुदत वाढवली' असे पत्र जाते. हा आग्रह कोणी केला ते कंपनीलाच माहीत. काही चतुर लोक विषयाच्या आधी 'उत्तर:' लावतात, म्हणजे आपणच त्यांना आधी काहीतरी विचारले होते असे आपल्याला वाटावे. आणि हे सगळे येते 'नो-रिप्लाय' नावाच्या पत्त्यावरून. बेल वाजवून, आपण दार उघडेपर्यंत जिना उतरून गेलेला माणूस जसा, तसा हा पत्ता. संवाद वाढवा, संवाद वाढवा, असे म्हणत जे पत्र लिहिले त्याच्या डोक्यावरच 'उत्तर देऊ नये' अशी पाटी लावण्याचा विनोद जाणूनबुजून करायचा म्हटला तरी जमणार नाही.

यावर धंदेवाईकांचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते ऐकून घ्यायला हवे. ते म्हणतात, तुम्ही काहीही म्हणा, याने माल खपतो. खपत नसता तर आम्ही पाठवला असता का? खपतो, हे खरेच आहे. लाखभर पत्रे फुकटात गेली आणि त्यांतून चाळीस जणांनी उशी घेतली, तर उशीवाल्याच्या वहीत जमाच दिसणार. पण वही फक्त जमेची असते. पत्र न वाचता पुसणारे किती, त्या नावावर कायमची काट मारणारे किती, पुढच्या वेळी खरेच गादी घ्यायची होती पण 'त्या पिडणाऱ्यांकडून नको' म्हणून दुसरीकडे गेलेले किती, यांचा रकानाच नसतो. उघडलेल्या पत्रांचा एक आकडा मोठ्या प्रेमाने सांगितला जातो, त्याचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. पत्रात ठिपक्याएवढे एक अदृश्य चित्र दडवलेले असते. पत्र उघडले की ते चित्र कंपनीच्या संगणकावरून मागवले जाते आणि तिकडे नोंद होते की अमक्याने उघडले. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली, की ती सुरू ठेवली तर माणसाने पत्र उघडो न उघडो, चित्रे ॲपलची यंत्रेच आधी आणून ठेवणार. झाले! ज्यांनी वर्षभरात एकही पत्र पाहिले नव्हते ते सगळे कागदोपत्री एकनिष्ठ वाचक ठरले. आकडे वर चढले, बैठकांत टाळ्या वाजल्या, आणि यंत्राने यंत्राला लिहिलेली पत्रे यंत्राने वाचल्याचा अहवाल माणसांनी संमत केला.

दुसरा आक्षेप असा, की नको असेल तर नाव काढून घ्या ना, खाली दुवा दिलेलाच असतो. असतो, यात शंका नाही. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात, औषधाच्या बाटलीवरच्या दुष्परिणामांच्या मापात. त्यावर बोट नेमके टेकवता आले तर एक पान उघडते आणि 'तुम्ही जाताय याचे आम्हाला वाईट वाटते' असे म्हणते. मग आपला ईमेल पत्ता विचारते, ज्या पत्त्यावर ते पत्र आताच आलेले आहे. मग कारण विचारते: पत्रे फार येतात, मजकूर उपयोगाचा नाही, मी कधी नाव दिलेच नव्हते. तिन्ही खरी असली तरी एकच निवडायची मुभा असते. शेवटी सांगितले जाते की विनंती अमलात यायला दहा दिवस लागू शकतात. अर्ध्या सेकंदात लाख घरी पोचणारी वस्तू थांबवायला दहा दिवस! ही मुदत हवेतून आलेली नाही. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानेच कामाचे दहा दिवस दिले आहेत, आणि कायद्याने दिलेली सवलत जाहिरातवाले सोडत नाहीत. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तत्त्व चांगले लिहिले आहे: संमती द्यायला जितके सोपे, तितकेच ती मागे घ्यायला सोपे असले पाहिजे. म्हणजे ज्या मॉलमध्ये बिलाच्या काउंटरवर 'सर, मोबाइल आणि ईमेल सांगा' म्हणून अडीच सेकंदांत संमती घेतात, तिथेच उभ्याउभ्या ती परतही मिळायला हवी. खरा धाक बसला तो वेगळ्याच ठिकाणाहून. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने फर्मान लागू केले, की घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांनी, गूगलच्या हिशेबाने रोज पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांनी, आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी, एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावी आणि 'ही कटकट आहे' अशी तक्रार हजारात तीनपर्यंत जाऊ देऊ नये. गेली तर पत्रे पोचण्याची हमी नाही. वर्षानुवर्षे 'आदरणीय ग्राहक' म्हणणाऱ्यांना हजारातल्या तिसऱ्या ग्राहकाचा खरा आदर तेव्हापासून वाटू लागला. टपालाचे तिकीट परत आले होते, एवढाच त्याचा अर्थ. फक्त यावेळी किंमत पैशात नव्हती.

इथे एखादा चिकित्सक वाचक हात वर करील. एसएमएसला तर पैसे पडतात, आणि तरी कर्ज घ्या, प्लॉट घ्या, क्लास लावा यांचा रतीब थांबतो का? नको असलेले संदेश थांबवायला १९०९ वर नाव नोंदवा, दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे विनियम वाचा, आणि संध्याकाळी पुन्हा कोणीतरी कर्जत-नेरळकडचा 'निसर्गरम्य प्लॉट' घेऊन हजर. मुद्दा बिनतोड आहे, आणि त्याने माझे म्हणणे थोडे नीट मांडायला भाग पाडले हे मान्य. खर्च पडणे पुरत नाही, तो सोसणाऱ्याला टोचावा लागतो. एका संदेशाला काही पैसे, आणि तेही जाहिरातीच्या अंदाजपत्रकातून वळते होणारे, म्हणजे कोणाच्याच खिशाला नाही. छोट्या दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर हे उलट दिसते. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्याने त्याचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोचतो, आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह 'शुभ प्रभात, आज ताजे पनीर' आले की लोक नंबर काढून टाकतात. हा तोटा त्याला काउंटरवर बसून समजतो, कारण पनीर संध्याकाळी उरते. मोठ्या कंपनीत उरलेले पनीर एका विभागाकडे असते आणि पत्रे पाठवणारा विभाग वेगळ्या मजल्यावर.

मग छोट्या धंद्याने लिहायचे तरी काय? त्याच्याकडे बातमी असते का? भरपूर असते, फक्त तिला तो बातमी समजत नाही. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या पुण्या-ठाण्यातल्या घरगुती व्यावसायिकाचे उदाहरण घ्या. त्याच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे न्यू जर्सीतल्या लेकीला चकल्या पाठवू पाहणाऱ्या आईला, 'दीपोत्सवाच्या मंगल पर्वावर स्वादाची पर्वणी' हे अजिबात वाचायचे नसते. तिला हवे असते ते हे, की पार्सल कोणत्या तारखेपर्यंत दिले म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आत पोचेल, किलोला काय पडेल, ओल्या नारळाच्या करंज्या टिकतील का. २०२५ मध्ये तर अमेरिकेने लहान पार्सलांवरची आयातशुल्काची सूट काढली, ऑगस्टअखेरीस आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सले घेणे थांबवले आणि ते पूर्ववत झाले १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आल्यावर. त्या दीड महिन्यात ज्या फराळवाल्याने 'पोस्टाने सध्या जात नाही. कुरिअरने जाते, पण भाव इतका आहे. लाडू घट्ट बांधतो, शेव चुरा होईल, ती घेऊ नका' अशी चार ओळींची पत्रे लिहिली असतील त्याची पत्रे वाचली गेलीच असणार, आणि नणंदेला पुढे धाडलीही गेली असणार. आंब्याचेही तेच. रत्नागिरीच्या बागायतदाराने फेब्रुवारीत एवढेच कळवावे: 'थंडी उशिरा पडली, पहिला मोहोर गळाला. पाडव्याला आमचा हापूस मिळणार नाही. एप्रिलच्या मध्याला पेटी निघेल. तोवर बाजारात हापूस म्हणून जे मिळेल ते कुठले आहे हे विचारून घ्या.' यात विकायला काहीच नाही. 'मिळणार नाही' असे स्वच्छ लिहिले आहे. पण ज्याने 'नाही' लिहिले त्याच्या 'आहे'वर माणूस एप्रिलमध्ये डोळे मिटून पैसे पाठवतो. वर्षाला अशी तीन पत्रे झाली तरी झाली. उरलेल्या मंगळवारी बागेला पाणी घालावे.

एवढे कमी लिहिले तर लोक विसरतील, ही शेवटची भीती. विसरू देत की. नळ गळत नसताना प्लंबर आठवावा अशी कोणाची अपेक्षा नसते. नळ गळाला की नंबर सापडावा, इतकी असते. पण मार्केटिंगच्या जगात विसरले जाणे हे मरणासमान मानतात आणि त्यावर एक तीन पत्रांचा उतारा प्रसिद्ध आहे. बरेच दिवस काही न उघडलेल्या ग्राहकाला पहिले पत्र जाते: 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत.' आठवड्याने दुसरे: 'आपल्या जुन्या नात्याखातर १५ टक्के.' त्यावरही तो हलला नाही की तिसरे, निरोपाचे: 'तुमच्या मौनाचा आम्ही आदर करतो. यापुढे आम्ही तुम्हाला लिहिणार नाही. ही आमची शेवटची भेट.' साऱ्या पत्रव्यवहारातले हे एकच पत्र माणूस शेवटपर्यंत वाचतो, आणि कंपनीबद्दल त्याला पहिल्यांदाच चांगले वाटते. तिकडे ते पत्र उघडल्याची नोंद झालेली असते. उघडले म्हणजे रस आहे, असे यंत्राला शिकवलेले असते. पुढच्या मंगळवारी मान्सून सेलचे पत्र येते.